गवारीच्या डिंकाची गोळी

माझ्या सुनेच्या मोठ्या आतड्याला जखमा आहेत हे पहिले चार महिने मला खरं वाटलं नाही. मला वाटलं, टाळाटाळ आहे. ती घाटावरची. लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा बोंबील भाजायला घेतले की खिडकीशी जाऊन उभी राहायची. सात वर्षं झाली तरी काट्याची मासळी तिला सोलून द्यावी लागते. त्यामुळे पोटात कळ आली म्हणाली की मी मनात म्हणायचे, आज निवट्यांचं कालवण आहे, म्हणून कळ आली.

मी मोऱ्याच्या बंदरावर चाळीस वर्षं मासळी विकली. शाळा चौथीपर्यंत. वाचता येतं, लिहिताही येतं, पण सावकाश. नवरा गेल्यावर मुलाने मला खांदेश्वरला फ्लॅटवर आणलं. तो बंदरात क्रेनवर आहे, पाळ्या बदलत्या. सून द्रोणागिरीला एका गोदामाच्या ऑफिसात कंटेनरच्या चिठ्ठ्या कॉम्प्युटरवर भरते. घरात आम्ही तिघंच. दिवसाचा जास्त वेळ मी एकटी, आणि एकट्या माणसाला दुसऱ्यांची वागणूक मोजायला वेळ मिळतो. ती संडासात किती वेळा जाते ते मी मोजत होते. एका रविवारी नऊ वेळा गेली. मला वाटलं, आत बसून मोबाईल बघते.

मग एकदा तिने पाणी नीट सोडलं नव्हतं आणि तिच्यामागून मी गेले. रक्त मला ओळखता येतं. शिळं रक्त काळं पडतं, त्याला वेगळा वास असतो. हे ताजं होतं आणि थेंबभर नव्हतं. मी बाहेर आले तर ती भिंतीला टेकून उभी होती.

"कवापासून हाय हे?"

"दिवाळीपासून."

"आनि तू बोलली नाय?"

"बोलले की. तुम्हीच म्हणालात, मासे खात नाही म्हणून पोट बिघडतं."

ते खरं होतं. त्या दिवशी माझा संशय तिच्यावरून उठला आणि डॉक्टरांवर जाऊन बसला.

बसायला कारणही होतं. एका डॉक्टरने मूळव्याध सांगितली. दुसऱ्याने जंत. तिसऱ्याने दुर्बीण घातली तेव्हा कळलं की मोठ्या आतड्याला आतून जखमा आहेत, आणि हा आजार जात नाही, फक्त दबतो. औषध सुरू झालं, थोडं दबलं, परत उसळलं. तिचं कामावर जाणं बंद झालं. गोदामात बायकांचा संडास दुसऱ्या टोकाला, मध्ये ट्रक, ड्रायव्हर आणि क्लीनर. तिथपर्यंत पोचता येत नाही म्हणून ती जेवणच सोडून जायची. अंगावर नुसती कातडी राहिली होती.

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी दोन रस्ते सांगितले. एक, मोठं आतडं काढायचं आणि पोटावर मळासाठी पिशवी लावायची. दुसरा, त्यांच्याकडे एका नव्या गोळीचं संशोधन चालू होतं, त्यात नाव घालायचं. सून तेव्हा चौतीस वर्षांची. पिशवीचं नाव काढल्यावर तिने परत काही विचारलंच नाही. फॉर्म मागितला.

तो फॉर्म घरी आला. मराठीत होता. मी चष्मा लावून दोन दुपारी तो वाचला. मुलगा हसत होता.

"आये, परीक्षा हाय का?"

"तुझ्या बायकोवर प्रयोग करनार हायत. उंदरावर करतात तसा. तू वाचलास?"

"औषध जुनंच आहे गं. वरचं आवरण नवीन. ते आवरण खालच्या आतड्यातच उघडतं, म्हणजे औषध जखमेवर जाऊन पडतं. आता काय होतं, औषध वरच विरघळतं, खाली पुरेसं जात नाही."

"कुनी सांगितला?"

"डॉक्टरांनी."

"डॉक्टर आत जाऊन बघून आले?"

फॉर्मवर एक वाक्य होतं, सहभागी व्यक्ती कधीही बाहेर पडू शकते. ते मला सगळ्यात वाईट वाटलं. बाजारात जी बाई न विचारता सांगते की आवडलं नाही तर परत आण, तिची मासळी मी कधी घेतली नाही. पण सही सुनेची होती, माझी नव्हती. तिने केली.

गोळ्या आल्या. पांढऱ्या डब्यात, चिंचोक्याएवढ्या, मळकट रंगाच्या. डब्यावर कंपनीचं नाव नाही, नुसता एक नंबर. सकाळी दोन, रात्री दोन. मी त्या वेळी हॉस्पिटलात गेले नव्हते. मुलगा गेला होता आणि तो अर्धा वेळ फोनवर असणार. घरी येऊन त्याने एवढंच सांगितलं, गोळ्या चुकवायच्या नाहीत, दर वेळी उरलेल्या मोजून परत द्यायच्या. मोजून परत घेणारे लोक कशाला तरी घाबरतात, हे मी लगेच मनात धरलं.

आता मी काय केलं ते सांगते. लपवण्यात अर्थ नाही.

मी आयुष्यभर मासळी कापली. मोठा जिताडा किंवा घोळ कापला की त्याच्या पोटात त्याने गिळलेली मासळी सापडते. नुकतीच गिळलेली असेल तर अख्खी असते, खवल्यांसकट. थोडा वेळ झाला असेल तर कातडी गेलेली, मऊ पडलेली. आणखी वेळ झाला असेल तर नुसता लगदा, काटे तेवढे उरलेले. म्हणजे पोट सगळं विरघळवतं. जे विरघळत नाही ते कामाचं नसतं, ते नुसतं पुढे ढकललं जातं. हे मला कोणी शिकवलं नाही, माझ्या हातांनी पाहिलेलं आहे. आणि पोटात आंबट असतं हेही माहीत होतं. उलटी झाली की दात आंबतात, ते कुणालाही कळतं.

म्हणून मी डब्यातली एक गोळी घेतली, वाटीत आमसुलाचं आगळ आणि कोमट पाणी घातलं आणि त्यात ती सोडली. घरात सून झोपलेली. सकाळचे आठ वाजले होते. दुपारी बारा वाजता गोळी फुगली होती, तिच्यावर बुळबुळीत थर आला होता, पण होती तशीच. चार वाजता चमच्याने दाबून पाहिली. आत टणक. चिमटीतून निसटत होती. मी म्हटलं, बघ. ही हिच्या पोटातून अशीच निघून जाणार. वर गिळायची, खाली टाकायची. लोकांना काय, डबे रिकामे झाले की झालं.

हे मी मुलाला सांगितलं नाही. तो मलाच वेडी म्हणाला असता. सुनेला सांगितलं असतं तर ती घाबरली असती. मग मीच उपाय काढला. लहान मुलांना आम्ही गोळी कधी अख्खी दिली नाही. कुटायची, गुळात किंवा पेजेत कालवायची. ही गोळी विरघळत नाही ना, मग आपणच फोडून देऊ. आत औषध असेल तर लागेल.

सुनेला गोळी गिळताना त्रास व्हायचाच. घशात अडकायची, डोळ्यांत पाणी यायचं. तिसऱ्या की चौथ्या दिवसापासून मी लसणीचा खल घासून घेतला आणि त्यात गोळ्या कुटायला लागले. बाहेरचं साल चिवट होतं, सुक्या डिंकासारखं. आतली भुकटी पांढरी. पेजेत घालून, वर गुळाचा खडा घालून तिला दिली. तिने दोन घोट घेतले आणि वाटीत बघितलं.

"गोळी?"

"पेजेतच हाय. तुझ्या घशात अडकते ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी बोलणार होती. मग "बरं" म्हणाली आणि पेज प्याली. त्यानंतर तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. बारा दिवस मी सकाळ-रात्र गोळ्या कुटल्या.

कुटायला लागल्यावर पाचव्या दिवसापासून रक्त वाढलं. आठव्या दिवशी ताप आला. मी मुलाला सांगितलं, मी म्हणत होते ना, गोळी खोटी हाय. मला त्यात थोडं समाधानसुद्धा वाटलं. सून पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती आणि मी माझं म्हणणं खरं ठरलं म्हणून स्वयंपाकघरात ताठ उभी होते. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

बाराव्या दिवशी आम्ही तिला हॉस्पिटलात नेलं. त्या वेळी मीही गेले. मला त्या बाईंना तोंडावर विचारायचं होतं. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, केस आखूड, बोलणं हळू. त्यांनी आधी सुनेला तपासलं, रक्ताला पाठवलं, मग डबा मागितला आणि गोळ्या टेबलावर ओतून मोजल्या. परत मोजल्या.

"एक कमी येतेय."

"ती मी घेतली," मी म्हटलं.

"तुम्ही खाल्लीत, मावशी?"

"मी कशाला खाऊ? आगलात टाकून बघितली. सकालपासून चार वाजेपर्यंत विरघलली नाय. आता तुमी सांगा, हे काय देता तुमी आमच्या पोरीला?"

मला वाटलं, बाई चिडतील किंवा गडबडतील. त्या म्हणाल्या, "आगळात नाही विरघळली? म्हणजे गोळी चांगली होती."

मग त्यांनी सुनेकडे वळून विचारलं, "आणि तुम्ही गोळ्या कशा घेत होतात? अख्ख्या ना?"

मी बोलले. "कुटून. पेजेतून."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. माझ्या लक्षात आलं की चूक त्यांची नाही.

त्यांनी मला ओरडून सांगितलं नाही. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. म्हणाल्या, "मावशी, वरचं साल आहे ना, ते गवारीच्या बियांचं आहे. गवारीच्या बीच्या आत पांढरा भाग असतो, त्याचं पीठ करतात. चिकट असतं. ओलं झालं की फुगतं आणि गोळीभोवती बुळबुळीत थर धरतं. पोटातलं आंबट त्याला फोडू शकत नाही. आपल्या अंगात ते पचवणारं काही नाहीच."

"मग फोडतं कोन?"

"खाली मोठ्या आतड्यात जंतू असतात. चांगले जंतू, कोट्यवधी. त्यांना हा डिंक म्हणजे जेवण. ते तो खातात, साल फुटतं आणि औषध तिथेच सुटतं. जखमेच्या जागी."

"आनि कुटल्यावर?"

"कुटल्यावर औषध वरच सुटलं. रक्तात गेलं, लघवीवाटे बाहेर पडलं. जखमेला फार थोडं मिळालं असेल."

म्हणजे बारा दिवस मी तिला पेज दिली होती. बाकी काही नाही.

सून तेव्हा पहिल्यांदा बोलली. डॉक्टरांना म्हणाली, "चूक माझी आहे. अख्खी गिळायची हे मला माहीत होतं."

"मग सांगितलं का नाहीत घरी?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. "मला आईंना नाही म्हणायची सवय नाही," ती म्हणाली.

असं ती माझ्याबद्दल बोलेल असं मला वाटलं नव्हतं. ती पोर मला घाबरते आणि घाबरून आतडं घालवायला निघाली होती, हे मला त्या टेबलाशी बसून कळलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हे त्यांना लिहावं लागेल, आणि सुनेला पुढे ठेवायचं की नाही ते वरच्यांना विचारून सांगतील. ठेवलं तर सहा आठवडे गोळ्या, मग परत दुर्बीण. जखमा उतरल्या नाहीत तर सर्जनकडे. यापेक्षा जास्त थांबता येणार नाही.

मी उठता उठता विचारलं, "जंतू साल खातात, हे तुमी बघितला?"

"काचेच्या भांड्यात बघितलंय. उंदराच्या आतड्यातला मळ घेऊन त्यात गोळी ठेवतात."

"मी नाय बघितला."

मुलगा म्हणाला, "आये, आता पुरे."

पण बाई हसल्या. त्यांनी खणातून एक पुडी काढली. "या दोन गोळ्या घ्या. आत औषध नाही, साल तेच. घरी काय बघायचं ते बघा. पण तिच्या गोळीला हात लावायचा नाही."

मी पुडी परत दिली. आम्हीसुद्धा टोपलीत वरच्या थराला ताजी मासळी लावायचो. दाखवायची वेगळी आणि द्यायची वेगळी, हा धंदा मला कोणी शिकवायला नको.

दोन दिवसांनी फोन आला, सुनेला पुढे ठेवलंय. नवा डबा आला. तिने तो आपल्या कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. माझ्यासमोर लावलं, लपवून नाही. किल्ली मंगळसूत्रात अडकवली. मला राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर सासूला स्वयंपाकघरातूनच काढलं असतं.

ती गोळ्या अख्ख्या गिळायला लागली. एक घोट, मान मागे, डोळे मिटलेले. मी दारातून बघायचे. आणि माझ्या डोक्यात दुसरंच सुरू झालं. समजा साल खाली उघडलंच नाही तर? बाईंनी उंदराचं सांगितलं. उंदीर काय खातो, आपण काय खातो. आणि हिच्या आतड्यात जखमा, रक्त, एवढी औषधं. तिथले जंतू तरी जिवंत असतील का? सहा आठवडे नुसतं वाट बघायचं आणि मग बाई म्हणणार, नाही उतरलं, चला सर्जनकडे. मला ते आधीच कळून घ्यायचं होतं.

डाळ-तांदूळ निवडताना मला म्हैस आठवली. म्हैस दिवसभर पाला खाते आणि तिच्या पोटात तो कुजतो. गवारीच्या शेंगासुद्धा खाते, बियांसकट. ते जर कोणी फोडत असेल तर ते तिच्या शेणात असणारच. उंदीर मला मिळणार नव्हता. म्हैस मिळणार होती. स्टेशनच्या पलीकडे जुन्या गावाच्या कडेला अजून एक तबेला आहे.

एका सकाळी मुलगा ड्यूटीवर गेल्यावर मी सुनेसमोर जाऊन उभी राहिले.

"गो, मना दोन गोल्या दे."

"कशाला?"

"बघाया."

"परत कुटणार?"

"नाय. भिजवनार. म्हशीच्या शेनात."

ती हसली नाही. मग म्हणाली, "डब्यात चार जास्तीच्या दिल्यात. त्यातल्या देते. डॉक्टरांना सांगेन हातातून पडल्या."

"खोटा नको सांगू. सासूनं घेतल्या सांग."

तिने मंगळसूत्रातली किल्ली काढली, कपाट उघडलं आणि दोन गोळ्या माझ्या तळहातावर ठेवल्या. मग म्हणाली, "मला पण बघायचंय, आई." तेव्हा मला कळलं की तीसुद्धा त्या गोळीवर विश्वास ठेवून गिळत नव्हती. नुसती गिळत होती.

तबेल्यात भैया दूध काढत होता. मी स्टीलचा डबा पुढे केला.

"दूध नहीं, गोबर चाहिए. एकदम ताजा."

"कितना, अम्मा?"

"इतना डब्बा."

"पूजा है क्या?"

"दवाई है," मी म्हटलं. त्याने पुढे विचारलं नाही. म्हशीने टाकल्या टाकल्या गरम शेण त्याने खाली पडायच्या आधी डब्यात धरलं. मी झाकण लावून, पदराखाली धरून घरी आले.

आम्ही दोघींनी ते ड्राय बाल्कनीत मांडलं. आधी दोन्ही गोळ्या तासभर आगळाच्या पाण्यात ठेवल्या, कारण खाली जायच्या आधी त्या पोटातून जाणार. फुगल्या, बुळबुळीत झाल्या, फुटल्या नाहीत. मग लोणच्याच्या दोन बरण्या घेतल्या. एकीत शेण कोमट पाण्यात कालवून काठापर्यंत भरलं आणि त्यात एक गोळी दाबली. आतड्यात हवा नसते म्हणून वर रिकामी जागा ठेवली नाही. दुसरीत नुसतं कोमट पाणी आणि दुसरी गोळी.

"पाण्यात कशाला?" सुनेने विचारलं.

"एकाच टोपलीवरून भाव ठरवत नाय."

दोन्ही बरण्या जुन्या गोधडीत गुंडाळल्या, दह्याला विरजण लावल्यावर भांडं गुंडाळतात तशा. ऊब गेली तर जंतू काम करत नाहीत, हे दही लावणाऱ्या कोणालाही माहीत असतं. दर दोन-तीन तासांनी मी गोधडीजवळ गरम पाण्याची पिशवी बदलत होते. सूनही एकदा उठून बदलून आली.

दुपारी सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले. खालच्या मजल्यावरच्या कुणीतरी तक्रार केली होती.

"आजी, बाल्कनीतून वास येतोय. काय ठेवलंय?"

"शेन."

"फ्लॅटमध्ये शेण?"

"मग कुठं ठेवू? लिफ्टमध्ये?"

"अहो, किती वेळ ठेवणार आहात? लोकांनी कम्प्लेंट केलीय."

मी उत्तर द्यायच्या आधी सून आतून आली. भिंतीला धरत धरत. म्हणाली, "माझ्या औषधाचं आहे, साहेब. उद्या काढतो." सेक्रेटरीने तिच्याकडे बघितलं. सहा महिन्यांत त्याने तिला पाहिलं नव्हतं बहुतेक. तो दोन पावलं मागे सरकला, बरं बरं म्हणाला आणि गेला. मला वाटलं, हिला नाही म्हणता येतं की. फक्त माझ्यासमोर म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरण्या उघडल्या. आधी पाण्याची. मी चाळणीवर ओतली. गोळी बाहेर आली, छोट्या चिकट लाडवासारखी, पण एका तुकड्यात. चमच्याने दाबली तर आत टणक. मग शेणाची. ती चाळताना सुनेने नाकाला ओढणी लावली, पण हलली नाही. पाणी ओतत ओतत मी चाळत गेले. साल नव्हतं. गोळी नव्हती. तळाशी पांढरट भुकटीचा लगदा राहिला होता, बोट लावल्यावर पसरला. मी परत पूर्ण चाळलं, गोधडीत बघितलं, बरणीच्या तळाला हात घालून बघितलं. कुठे अख्खी लपली नव्हती.

"खाल्लं," सून म्हणाली.

"म्हशीनं खाल्ला. तुझ्या पोटातल्यांचा मना माहीत नाय."

"माझ्या पोटात पण काहीतरी असेलच ना, आई."

म्हशीचं पोट आणि माणसाचं पोट एक नाही, एवढं चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं. पण ती त्या दिवसापासून गोळी गिळताना डोळे मिटेनाशी झाली. एवढं मी पाहिलं.

पुढचे आठवडे मी तिला काही विचारलं नाही. मोजणं मात्र सोडलं नाही. संडासाचं दार वाजलं की माझं लक्ष जायचंच. आठ वेळा, सात, मग परत नऊ. एकदा दोन दिवस चार. मला आनंद झाला नाही. मासळीचा भावसुद्धा दोन दिवस उतरतो आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट होतो. पाचव्या आठवड्यात तिने स्वतःहून सांगितलं, रक्त चार दिवस दिसलं नाही. मी म्हटलं, नीट बघतेस ना? ती म्हणाली, तुम्ही या बघायला. मी गेले. बघितलं. नव्हतं.

सहा आठवड्यांनी दुर्बीण झाली. तिला गुंगी दिली होती, ती बाहेर आली तरी जड बोलत होती. डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरवर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. एक आधीचं, एक आजचं. आधीच्यात सगळं लाल, सोललेलं, जागोजागी पिवळे डाग. आजच्यात बराचसा भाग गुलाबी, ओला, चकचकीत. शेवटच्या टोकाला थोडा लाल पट्टा उरला होता. मुलगा खुर्चीत पुढे सरकून बघत होता.

मी विचारलं, "ह्या हिचाच कशावरून?"

"कोपऱ्यात नाव आहे ना, मावशी."

"नाव कोनपन टाकतो."

"आये!" मुलगा म्हणाला.

सून गुंगीतच हसली. "माझंच आहे, आई. आतून जळत नाही आता."

ते मी मान्य केलं. चित्रावर माझा विश्वास नव्हता, पण तिच्या तोंडावर होता. चार महिने ज्या तोंडावर मी विश्वास ठेवला नाही, त्यावर आता ठेवायलाच हवा होता.

बाई म्हणाल्या, ऑपरेशन आता नाही. कायमचं नाही असं त्या सांगणार नाहीत, आता नाही. गोळ्या चालू ठेवायच्या, तीन महिन्यांनी परत बघायचं. आणि गोळी नेमकी किती कामाची आहे हे त्यांना एकट्या हिच्यावरून सांगता येणार नाही, बाकीच्या लोकांचं बघून कळेल. हे एक वाक्य त्यांचं मला पटलं. पहिल्यांदाच पटलं. जी बाई आपल्या मालाची हमी देत नाही तिच्याशी बोलता येतं.

आम्ही बाहेर आलो. मुलगा रिक्षा बघायला पुढे गेला. सुनेने माझा दंड धरला होता. गोदामातून फोन आला होता, सोमवारपासून येशील का म्हणून, आणि ती जाणार होती. पायऱ्या उतरताना थांबली आणि गळ्यातली किल्ली काढून माझ्या हातात द्यायला लागली.

"सकाळी माझी घाई होईल. गोळ्या तुम्हीच काढून द्या."

मी किल्ली घेतली नाही.

"नको. तुझी गोली तूच घे. आनि मी हातात काय दिला तर आधी बघ, इचार, नाय पटला तर फेकून दे."

"तुमच्यासमोर?"

"माझ्यासमोरच."

तिने किल्ली परत मंगळसूत्रात अडकवली आणि म्हणाली, "मग आजपासून. मला त्या निवट्या अजिबात आवडत नाहीत. परत ताटात घालू नका."

"काट्यांच्या म्हनून?"

"नाही. चवच आवडत नाही. सात वर्षं."

मी तिला म्हटलं, चल, रिक्षा थांबलीय.